ठेवा, मी लावतो

दिनांक ९ ऑक्टोबर १९९२, शुक्रवार, सकाळी साडेअकरा. आमच्या साखर कारखान्याच्या खरेदी समितीची बैठक. विषय एकच: पुण्याच्या प्रोग्रामर मंडळींना आपल्या जागेवर बसून टेलिफोनच्या तारेवरून आमचा कॉम्प्युटर चालवता यावा, यासाठी घ्यायचं यंत्र. रक्कम कमीत कमी ११,६०० आणि जास्तीत जास्त २७,४०० रुपये. हजर: अध्यक्ष, कार्यकारी संचालक, शेतकी अधिकारी, पुण्याचा प्रोग्रामर सतीश, आणि हिशेबखात्याचा प्रमुख म्हणून मी. पावणेबाराला सहावे गृहस्थ आत आले. त्यांची सही हजेरीत नाही, कारण एखादी लाइन मोकळी आहे का, एवढंच विचारायला त्यांना बोलावलं होतं. ते आमचे टेलिफोन ऑपरेटर.

त्यांचं बोलणं अजून सुरूही झालं नव्हतं तोवर अध्यक्षांच्या टेबलावरचा थेट लाइनीचा फोन वाजला. अध्यक्षांनी मानेनेच खूण केली. ऑपरेटरनी रिसीव्हर उचलला, दोन क्षण ऐकलं आणि म्हणाले, "ठेवा. मी लावतो." रिसीव्हर दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा खाली ठेवला.

"कोण होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमदारसाहेब बोलतो म्हणाले. बघून सांगतो."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. मी असा एकच पाहिला. आलेल्या फोनवर ते कुणालाही, कसलीही माहिती देत नसत. नाव विचारायचे, फोन ठेवायला सांगायचे, मग लाल कापडी बांधणीची वही उघडून त्या नावापुढचा नंबर स्वतः फिरवायचे. पलीकडून तोच माणूस बोलला तर पुढची गोष्ट. वहीत दोनशे बारा नंबर होते. एखादा बदलला तर जुन्यावर गिरवायचे नाहीत. आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहायचे आणि खाली तारीख आणि कुणी सांगितला त्याचं नाव. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासल्या. इतकी स्वच्छ वही माझ्या खात्यात नव्हती.

एकदा अध्यक्षांच्या पत्नीने साहेब जेवायला कधी येणार म्हणून विचारलं. त्यांनाही तेच ऐकावं लागलं. संध्याकाळी अध्यक्ष टेलिफोन बोर्डाच्या खोलीत येऊन म्हणाले, "अहो, निदान माझ्या बायकोला तरी सोडा."

"बाईंचाच आवाज लोक आधी काढतेत साहेब," ऑपरेटर म्हणाले. "तुमी घरी न्हाईत एवढं कळलं की झालं."

अध्यक्षांनी घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

*

ही सवय त्यांना लागली एक्क्याऐंशीच्या हंगामात. ती सांगण्याआधी उसाच्या तोडीबद्दल दोन वाक्यं सांगतो. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तोडायचा. कुणाचा नंबर कधी, त्याची यादी कारखान्यात असते आणि त्या यादीप्रमाणे तोडणीच्या टोळ्या गावोगाव जातात. नंबर चुकला तर ऊस रानात वाळत उभा राहतो आणि रोज वजनाने उतरतो. म्हणून यादीतली एक तारीख मागेपुढे करावी अशी इच्छा दरवर्षी बऱ्याच जणांना होते.

त्या वर्षी जानेवारीत बोर्डावर फोन आला. आवाज शेतकी अधिकाऱ्यांचा. तीच घोगरी लकब, तोच मध्येच येणारा खोकला. "उद्या तिन्ही टोळ्या वरच्या शिवारात पाठव. चिठ्ठी कर." ऑपरेटरनी चिठ्ठी केली, शिपायाहाती पाठवली. दुसऱ्या दिवशी तिन्ही टोळ्या वरच्या शिवारात गेल्या. शेतकी अधिकारी त्या वेळी परभणीला दवाखान्यात होते आणि त्यांनी फोन केलाच नव्हता.

ज्याचा नंबर होता तो अडीच एकरांचा एक म्हातारा शेतकरी. टोळ्या दुसरीकडे अडकल्या त्या अडकल्याच. त्याचा ऊस सदतीस दिवस उशिरा तुटला.

चौकशी झाली. मी टिपण घ्यायला होतो. आवाज कुणी काढला ते सापडलं नाही, तेव्हा सगळ्यांचं लक्ष ऑपरेटरांकडे वळलं. एक संचालक सगळ्यांसमोर म्हणाले, "तसल्या माणसाला बोर्डावर बसवलं की असंच होणार." तसल्या म्हणजे कसल्या, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. अठ्ठ्याहत्तरला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यानंतर हे गृहस्थ गाव सोडून, आईवडिलांना घेऊन कारखान्याच्या वसाहतीत राहायला आले होते. का आले ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. माझं घर त्यांच्यापासून चार दारं सोडून होतं. मीही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ऑपरेटरची चूक मी टिपणात लिहिली. संचालकांचं वाक्य लिहिलं नाही. टिपण पूर्ण असावं अशी माझी ख्याती होती.

ऑपरेटरच्या दोन वेतनवाढी थांबल्या. पहिल्या रविवारी ते सात किलोमीटर चालत त्या म्हाताऱ्याच्या गावी गेले. हे मला पुष्कळ वर्षांनी त्यांच्याकडूनच कळलं. म्हातारा दारात बाजेवर बसला होता. यांनी चूक सांगितली. म्हाताऱ्याने आधी तंबाखू मळली, मग म्हणाला, "आवाज काय, कुनाचाबी काढता येतो. माझ्या पुढच्या दाराची कडी वाजली तर मी दार उघडत न्हाई बाबा. मागच्या दारानं वळसा घालतो आन् बघतो कोन हाय ते. मग उघडतो."

एवढं बोलून त्याने यांना चहा प्यायला लावला, घरातल्या कपात. ऑपरेटर ही गोष्ट सांगताना कपाचा उल्लेख कधी गाळत नसत.

सोमवारी सकाळी नऊ वाजता पहिला फोन आला. "ठेवा," ते म्हणाले, "मी लावतो."

*

एकोणीसशे नव्वदला कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि तोडीची यादी त्यात गेली. प्रोग्राम पुण्याच्या दोन तरुणांनी लिहिला होता. त्यातला सतीश आमच्याकडे यायचा. मुलगा हुशार, पण प्रोग्राम हंगामात हटकून रुसायचा आणि रुसवा काढायला पुण्याहून माणूस यावा लागायचा. एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात गाड्या वजनाला घेण्याच्या चिठ्ठ्या छापणं बंद पडलं. सतीश निघाला तो देवगाव फाट्यावर एसटी बिघडून पडला. सव्वीस तासांनी पोचला, दोन ओळी बदलल्या, चार मिनिटांत काम झालं. त्या सव्वीस तासांत आमच्या आवारात बैलगाड्यांची रांग पालमच्या रस्त्याला लागली होती. बैल उभे, माणसं उपाशी आणि उसाचा रस वाळतोय.

म्हणून सतीशने मोडेमचा विषय काढला. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनची तार जोडणारी पेटी. पुण्यातून नंबर फिरवला की इकडचा कॉम्प्युटर तिकडच्या पडद्यावर उघडतो. माझ्यासमोर दोन प्रकारची दरपत्रकं होती. साधा मोडेम ११,६०० रुपये: तो सतत चालू राहणार, आणि जो पासवर्ड सांगेल त्याला आत घेणार. दुसरा २७,४०० रुपयांचा: तो फोन आला की आपणच ठेवून देतो आणि ठरलेल्या नंबरला परत फोन लावतो. मी तुलनात्मक तक्ता केला होता आणि शेवटी शिफारस लिहिली होती, साधा घ्यावा. फरक १५,८०० रुपयांचा होता आणि पासवर्ड फुकट होता.

हे सगळं ऐकत ऑपरेटर दाराशी उभे होते. कार्यकारी संचालकांनी विचारलं, लाइन मोकळी आहे का? आहे म्हणाले. मग जायला हवं होतं. गेले नाहीत.

"साहेब, एक विचारू? हा पासवर्ड कोनाकोनाला ठाऊक हाय?"

सतीशने बोटं मोजली. तो, त्याचा भागीदार, ऑफिसातली दोन मुलं आणि आमचा कॉम्प्युटरवरचा क्लार्क.

"म्हंजे पाच किल्ल्या झाल्या."

"पण शब्द कुणाला ओळखता येणार नाही असा आहे," सतीश म्हणाला.

शेतकी अधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "साखर तर नव्हे?"

सतीशचे कान लाल झाले. अध्यक्ष मोठ्याने हसले, मग एकाएकी हसायचे थांबले. तोडीची यादी त्या एका शब्दामागे राहणार होती.

"मग महागाचा घेऊ," ते म्हणाले. "तो परत फोन लावतो. आपल्या ऑपरेटरसारखाच आहे म्हणा की."

कुणालाही वाटावं की ऑपरेटर यावर खूश होतील. सोळा हजारांनी महाग यंत्र त्यांचीच रीत शिकून आलं होतं. त्यांनी मान हलवली. "माझ्यासारखा न्हाई साहेब. हा एकाच लाइनीवर बसणार. ज्या लाइनीवर आला त्याच लाइनीवर परत लावणार. मी तसं कधी करत न्हाई."

"काय फरक पडतो?" सतीशने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"दावतो. तुमी गेटवरच्या एसटीडीवर जावा. इथल्या एक नंबरच्या लाइनीवर फोन लावा. मी ठेवा म्हनलं तरी ठेवू नका. नुसतं तोंडानं दूंऽऽ करा, डायलटोनवानी."

समिती उठून बोर्डाच्या खोलीत गेली. खोली आठ फूट बाय दहा. अध्यक्ष स्टुलावर बसले. फोन वाजला, ऑपरेटरनी उचलला, "ठेवा, मी लावतो" म्हणून ठेवला आणि दहा अंक मोजून पुन्हा तीच लाइन उचलून कार्यकारी संचालकांच्या कानाला लावली. "डायलटोन हाय?"

"आहे."

"लावा पुण्याला."

कार्यकारी संचालकांनी सतीशच्या पुण्यातल्या ऑफिसचा नंबर पुरता फिरवला. आम्हाला सगळ्यांना पलीकडचा आवाज ऐकू आला. "हॅलो, पुणे ऑफिस. बोला साहेब." आणि मग सतीशला हसू आवरेना.

"साहेब, तुमी पुण्याला लावलाव," ऑपरेटर म्हणाले, "लागला गेटवर."

आमच्या भागातल्या एक्स्चेंजची ही खोड त्यांना ठाऊक होती. ज्याने फोन केला तो ठेवत नाही तोवर तार सुटत नाही. आपण ठेवला तरी तो दारातच उभा असतो. माणसाला तोंडाने केलेला डायलटोन आणि खरा यांतला फरक कदाचित कळेलही, यंत्राला कसा कळणार? म्हणून ते आलेला फोन एक नंबरच्या लाइनीवर घ्यायचे आणि परत नेहमी दोन नंबरच्या लाइनीवरून लावायचे. अकरा वर्षं लावत होते. पुढच्या दाराची कडी वाजली की मागच्या दाराने वळसा.

परत येऊन बसल्यावर मी माझ्या तक्त्यावर रेघ मारली आणि ठराव नव्याने लिहिला. साधा मोडेम घ्यावा. तो दोन नंबरच्या लाइनीवर, ऑपरेटरच्या बोर्डातून जोडावा. पुण्याहून एक नंबरवर फोन यावा, ऑपरेटरने ठेवावा, वहीतल्या नंबरला दोन नंबरवरून परत लावावा, माणूस पटला तरच बोर्डावरची दोरी मोडेमला जोडावी, काम संपताच काढावी, दोन्ही वेळा लिहाव्यात. पासवर्ड वेगळा, आणि तो साखर नसावा. सतीशने हिशेब केला की यात दर वेळी दोन मिनिटं जास्त जातील. सव्वीस तासांपुढे दोन मिनिटं, मी ती आकडेमोड त्याला करून दाखवली.

*

खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली.

सकाळी सव्वादहाला चिठ्ठ्या छापणं पुन्हा अडलं. आवारात एकशे चाळीस गाड्या होत्या. साडेदहाला पुण्याहून फोन आला. सतीशच बोलत होता. आज प्रोग्राम कुठे अडणार ते त्याच्या सकाळीच लक्षात आलं होतं आणि तो आपल्या कॉम्प्युटरपुढे तयार बसला होता. ऑपरेटर म्हणाले, ठेवा, मी लावतो. त्यांनी वहीतला नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

पुन्हा सतीशचा फोन. त्यांनी ऑफिस परवाच नव्या जागी हलवलं होतं, नंबर बदलला होता, कळवायचं राहिलं होतं. नवा नंबर त्याने सांगून टाकला, लिहून घ्या म्हणाला.

"तुमीच तुमचा नंबर सांगून कसं चालंल?" ऑपरेटर म्हणाले, आणि ठेवला.

तोवर अध्यक्ष बोर्डाच्या खोलीत आले होते. त्यांच्यामागे मी आणि दारात पाच-सहा गाडीवान. अध्यक्षांनी आवाज चढवला नाही, त्यांची ती पद्धत नव्हती. ते म्हणाले, आवाज सतीशचा आहे हे मलाही कळतंय, आता जोडा.

"तुमी समोर उभे हायत म्हणून तुमचा आवाज मला पटतो साहेब. तारेवरचा अजून पटला न्हाई."

"ऑपरेटर, मी सांगतोय."

ऑपरेटरांचा हात दोरीवर होता. मला तो हात पाहून एक्क्याऐंशीची खोली आठवली. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तरी सांगा यांना."

मी म्हणालो, "ठरावात परत फोन लावूनच जोडायचं असं लिहिलंय. मीच लिहिलंय. तो मोडायचा तर मला लेखी द्यावं लागेल, आणि कुणी काय म्हटलं तेही टिपणात येईल."

इतकं लांब वाक्य अध्यक्षांसमोर मी त्याआधी बोललो नव्हतो. तेवढ्यात ऑपरेटरनी वही उलटली आणि सतीशच्या नावाखालचा दुसरा नंबर लावला. तो त्याच्या घरचा. दीड वर्षापूर्वी त्यांनीच मागून घेतला होता. फोन त्याच्या आईने उचलला. आम्हाला फक्त इकडचं बोलणं ऐकू येत होतं.

"माय, नमस्कार. तुमच्या सतीशरावांचं ऑफिस हललं म्हनतेत, खरं का? … कवा? … नवा नंबर तुमच्यापाशी हाय का? … न्हाई, न्हाई, त्यांना काय झालं न्हाई. बरे हायत. … पोरगा तुमचाच हाय, मी फक्त खात्री करायलोय."

दारातले गाडीवान हसले. अध्यक्षही हसले, नको असताना. आईने सांगितलेला नंबर आणि सतीशने सांगितलेला नंबर एकच निघाला. ऑपरेटरनी जुन्यावर रेघ मारली, नवा लिहिला, तारीख घातली, खाली लिहिलं 'सतीशरावांच्या आईकडून', आणि मगच तो लावला. दहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी दोरी जोडली. अकराला चिठ्ठ्या छापायला लागल्या. खात्री करण्यात एकूण एकोणीस मिनिटं गेली.

अध्यक्ष जाता जाता दारात थांबले. "आईचा नंबर कशाला घेऊन ठेवला होता तुम्ही?"

"ऑफिसं हलतेत साहेब," ऑपरेटर म्हणाले.

दोन हंगामांत ती दोरी एकसष्ट वेळा जोडली गेली. त्याशिवाय तीन वेळा असं झालं की परत फोन लावल्यावर पुण्याची मंडळी म्हणाली, आम्ही केलाच नव्हता. ते तिघं कोण होते ते कळलं नाही. तिन्ही वेळा यादी होती तशीच राहिली. ज्याची लागण आधी त्याचा ऊस आधी तुटला. एका वर्षी फाट्यावर तो अडीच एकरवाला म्हातारा भेटला. यंदा नंबर कसा आहे विचारलं. "येळेवर," म्हणाला, आणि पुढे विचारलं, "तुमचा तारवाला बरा हाय का?"

*

३१ जानेवारी १९९४ ला ऑपरेटर निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर बोर्डही गेला आणि आपोआप जोडणारं छोटं एक्स्चेंज आलं. आता फोन कोण ठेवणार आणि परत कोण लावणार, हा प्रश्न पुन्हा समितीपुढे आला. या वेळी तक्त्याची गरज पडली नाही. एक साधा मोडेम होताच. तसाच दुसरा घेतला, ११,२०० रुपयांना. येणारा फोन एक नंबरच्या लाइनीवर जुना मोडेम घेणार आणि ठेवून देणार. मग कॉम्प्युटर दोन नंबरच्या लाइनीवरून, नव्या मोडेमने, ठरलेल्या नंबरला परत लावणार. यासाठी लागणारा प्रोग्राम सतीशने लिहिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. नंबरांची यादी लाल वहीतून उतरवली. पुण्याहून कुणी नंबर फिरवला की फोन ठेवला जाण्याआधी त्याच्या पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ येते. सतीश एकदा मला पुण्यात त्याच्या ऑफिसात घेऊन गेला तेव्हा मी ती पाहिली. ठेवा, मी लावतो. पुण्याच्या नव्या मुलांना ते कारखान्याचं घोषवाक्य वाटतं.

पण मला जे सांगायचंय ते निवृत्तीच्या आधी सतरा दिवसांचं आहे. संक्रांत होती. दुपारी मी बोर्डाच्या खोलीत तिळगूळ द्यायला गेलो. घरचा डबा उघडतोय तोवर एक नंबर वाजला. पलीकडचा माणूस फार मोठ्याने बोलत होता, मागे गलका होता. मला दोनच शब्द कळले, 'विद्यापीठ' आणि 'झालं'. ऑपरेटरांचा चेहरा हलला नाही. ते म्हणाले, "ठेवा. मी लावतो."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. दोन नंबरची लाइन उचलली आणि औरंगाबादचा नंबर फिरवला. वही उघडली नाही. त्यांची धाकटी मुलगी तिथे विद्यापीठात एम. ए. करत होती. नंबर तिच्या वसतिगृहाचा होता. तिला बोलावून आणायला चार मिनिटं लागली. चार मिनिटं ते उभे होते. मीही उघडा डबा हातात धरून उभा होतो.

"खरं हाय का?" त्यांनी विचारलं.

पुढे पुष्कळ वेळ ते फक्त ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या सर्टिफिकेटवर नवं नाव येईल की मग." आणि मग, "रडू नको. ठेव आता." फोन ठेवून खुर्चीत बसले. टोपी काढली, परत घातली.

"खरं हाय साहेब," ते मला म्हणाले. "सोळा वर्षं लागली."

मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. जे सोळा वर्षांपूर्वी, चार दारांवरून, विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं: गाव का सोडलं? ते फार बोलले नाहीत. कनवटीची किल्ल्यांची जुडी काढली आणि त्यातली एक लोखंडी किल्ली वेगळी करून दाखवली. "ही गावातल्या घराची. किल्ली हाय, घर न्हाई." मग जुडी परत खोचली आणि म्हणाले, "पोरगी म्हनायली, पास झाल्यावर गावच्याच शाळेत अर्ज करते. मी म्हनलं, कर."

आज तिला त्या शाळेत लागून चार महिने झाले. ऑपरेटर परभणीला थोरल्या मुलाकडे असतात, पण पंधरवड्यातून एकदा गावी जातात. मुलीने तिथे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. खोल्यांना मागचं दार आहे का, असं त्यांनी आधी विचारून घेतलं, असं ती सांगते.

त्या संक्रांतीला मी निघालो तर त्यांनी मला दारातून परत बोलावलं. हा फोन कारखान्याचा नव्हता म्हणाले. मिनिटं लिहून ठेवली होती. मी म्हटलं, आजच्या दिवशी राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. मी माझ्या टेबलाशी जाऊन पावती फाडली. खासगी एसटीडी कॉल, औरंगाबाद, आठ मिनिटं. रक्कम अठरा रुपये चाळीस पैसे. देणार, टेलिफोन ऑपरेटर. घेणार, कारखाना.